कागदावरची बोली आणि कोर्लईची बोली

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें, म्हणजे कुंडलिका नदीच्या मुखापलीकडे समुद्रांत शिरलेला एक लांबट डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावर कोर्लईचा किल्ला आहे. प्रवासी येतात ते किल्ला पाहण्यासाठीं. पोर्तुगीज शिलालेख, जुन्या तोफा आणि पडकें प्रार्थनामंदिर पाहून ते परत फिरतात. पायथ्याच्या गांवांतून जातांना थांबून कान देणारा प्रवासी विरळाच. तेथें आजी नातवंडाला हांक मारते, बायका मासळी निवडतांना एकमेकींची थट्टा करतात, तरुण पोरें वाद घालतात. परंतु त्यांची ही बोली मराठी नव्हे, कोंकणीहि नव्हे, आणि लिस्बनहून आलेल्या माणसाला ती पोर्तुगीज म्हणूनहि सहजासहजीं उमगत नाहीं. गांवकरी तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात. मराठी वाचकाने येथें संस्कृत शब्दाकडे धांव घेण्याचें कारण नाहीं. ‘लिंग्वा’ म्हणजे जीभ किंवा भाषा, या पोर्तुगीज शब्दाचें तें झिजलेलें रूप आहे. ‘नॉ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’.

ही बोली बोलणारीं माणसें सुमारें एक हजार. एवढ्या लहानशा वस्तीची भाषा चारशें वर्षें टिकते, हें नवल खरेंच; पण त्याहून मोठें नवल असें, कीं तिच्या नात्यांतल्या ज्या बोलींचा विद्वानांनीं परिश्रमपूर्वक संग्रह केला, त्यांतल्या बहुतेक आज नाहींशा झाल्या आहेत, आणि जिच्याकडे दीर्घकाळ कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं ती कोर्लईची बोली जिवंत राहिली. हें कसें घडलें तें समजण्यासाठीं आधीं कोंकणांतून निघून थेट ऑस्ट्रियांतल्या एका ग्रंथालयांत जावें लागतें.

ऑस्ट्रियांतील ग्राझ या शहरीं ह्यूगो शुखार्ट नांवाचे एक अध्यापक राहत असत. १८४२ सालीं जर्मनींतील गोथा येथें त्यांचा जन्म झाला, आणि १८७६ पासून ते ग्राझच्या विद्यापीठांत लॅटिनपासून निघालेल्या भाषा शिकवूं लागले. आपल्या आईच्या नांवावरून ‘मालविने’ हें नांव दिलेल्या घरांत बसून या गृहस्थांनीं जगभर पत्रें धाडण्याचा जो उद्योग मांडला, त्याला तोड नाहीं. त्या काळचे भाषापंडित संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या निर्मळ वंशावळी मांडण्यांत गर्क होते. बंदरावर, गुलामांच्या वस्तींत किंवा शिपायाच्या संसारांत दोन भाषांच्या मिसळणींतून जी तिसरी भाषा जन्मते, तिला ‘बिघडलेली भाषा’ म्हणून बाजूस सारण्याची सर्वांना संवय होती. शुखार्टांचें मत नेमकें उलटें होतें. पूर्णपणें निर्भेळ अशी भाषा जगांत नाहींच, आणि मिसळण कशी होते हें पाहावयाचें तर तें या हेटाळलेल्या बोलींतच स्पष्ट दिसतें, असें त्यांचें म्हणणें असे.

हिंदुस्थानांत ते कधींहि आले नाहींत. त्यांनीं पत्रें लिहिलीं. पाद्री, कॉन्सल, वसाहतींतले अधिकारी, डॉक्टर, शिक्षक, ज्याचा पत्ता मिळेल त्याला लिहून ते मागणी करीत: आपल्या भागांत पोर्तुगिजांच्या काळापासून चालत आलेली एखादी मोडकी बोली असेल तर तींतलीं गाणीं, म्हणी, चार ओळींचीं संभाषणें लिहून पाठवा. उत्तरें येत गेलीं, आणि त्यांच्या आधारें १८८३ च्या सुमारास कोची, दीव आणि मंगळूर येथील बोलींवर व पुढें १८८९ मध्यें माहे व कण्णूर येथील बोलीवर त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. १९२७ सालीं ते वारले. त्यांच्याकडे आलेलीं हजारों पत्रें, टांचणें आणि हस्तलिखितें ग्राझच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयांत गेलीं. १९९३ सालीं त्यांची सूची छापली गेली, आणि चालू शतकांत तीं पत्रें एकामागून एक संपादून जगाला खुलीं करण्यांत येत आहेत. एका माणसाच्या खाजगी टपालाचा एवढा उपयोग क्वचितच झाला असेल.

त्या टपालाचें मोल कोचीच्या उदाहरणावरून कळतें. शुखार्टांनीं हिंदुस्थानांतील ज्या बोलीवर प्रथम लिहिलें ती कोचीची. ती अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ विल्यम रोझारियो २० ऑगस्ट २०१० रोजीं वैपीन येथें निवर्तले. त्या दिवशीं ती बोली ऐकूं येण्याची बंद झाली; परंतु सव्वाशें वर्षांपूर्वीं ती कशी होती हें दाखविणारा लेख त्याआधींच छापून तयार होता. नंतरच्या अभ्यासकांनीं रोझारियोंच्या तोंडून जें ऐकलें तें शुखार्टांच्या लेखाशेजारीं ठेवून पाहतां आलें, आणि मधल्या काळांत भाषा कोठें वळली हें ताडतां आलें.

मुंबई व वसईकडील बोलींचें असेंच काम ज्यानें केलें तो गृहस्थ गोमंतकाचा. सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो यांचा जन्म १८५५ सालीं बारदेशांतील आसगांवीं झाला. ते धर्मगुरु होते, आणि धर्मकार्याच्या निमित्तानें सिंहलद्वीप, बंगाल असे बरेच फिरले. परंतु जेथें गेले तेथें त्यांचा कान लोकांच्या बोलण्याकडे लागलेला असे. त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश १८९३ सालीं मुंबईस देवनागरी लिपींत छापला गेला, आणि तोहि इंदुप्रकाश छापखान्यांत. ज्या इंदुप्रकाशाच्या आरंभींच्या काळाशीं न्यायमूर्ति रानड्यांचें नांव जोडलेलें आहे, तोच हा. पुढें ते लिस्बनला गेले व तेथें संस्कृत शिकवूं लागले. सिंहलद्वीप, गोवें, दमण अशा एकेका ठिकाणच्या पोर्तुगीज मिश्रबोलीवर त्यांनीं निबंध लिहिले. १९०६ सालचा त्यांचा ‘उत्तरेकडील’ बोलीवरचा निबंध आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा, कारण पोर्तुगिजांच्या दप्तरांत ‘उत्तर प्रांत’ म्हणजे चौलपासून वसई, दमण, दीवपर्यंतची किनारपट्टी. आयुष्याच्या अखेरीस दुखण्यानें त्यांचे दोन्ही पाय गेले. तरी १९१९ ते १९२१ या वर्षांत त्यांच्या पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशाचे दोन जाड खंड बाहेर पडले. १९२२ मध्यें लिस्बन येथें ते वारले.

मराठी घरांत दालगादोंचें नांव फारसें कोणास ठाऊक नाहीं, पण त्यांच्या अभ्यासाचा विषय त्या घराच्या स्वयंपाकघरांतच आहे. पाव, बटाटा, कोबी, हापूस. तसेंच चावी, बालदी, घमेलें, पगार, लिलाव, काडतूस, नाताळ. हे सगळे पोर्तुगिजांकडून आले. आशियांतल्या भाषांनीं पोर्तुगिजांचे किती शब्द घेतले याची मोजदाद करणारा त्यांचा ग्रंथ १९१३ सालीं निघाला, आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत ए. एक्स. सोअरेस यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९३६ सालीं प्रसिद्ध झालें. उसना शब्द आणि मिश्रबोली यांत मात्र फरक आहे. मराठीनें ‘चावी’ घेतली, तरी कुलूप मराठी व्याकरणानेंच उघडतें. कोर्लईंत उलट झालें. तेथें बहुतेक सारे शब्द पोर्तुगीज, आणि ते ज्या चालीनें चालतात ती हळूहळू मराठी झाली.

याचें मूळ चौलच्या इतिहासांत आहे. १५०५ सालीं पोर्तुगीज गलबतें चौलास आलीं, १५२१ सालीं रेवदंड्यास कोट उभारण्यास आरंभ झाला, आणि समोरचा कोर्लईचा डोंगर १५९४ सालीं निजामशाहीकडून त्यांच्या हातीं गेला. पोर्तुगाल लहान देश. तेथून बायका फारशा येत नसत. शिपायांनीं येथेंच संसार थाटले, नोकरचाकर येथलेच, आणि बाटलेल्या कुळांची वस्ती कोटाच्या आश्रयानें वाढली. मालकाची भाषा कानांवर पडून नोकरानें जी उचलली, ती त्याच्या मुलांची मायबोली झाली. १७३९ त वसई पडली, १७४० त चौल व कोर्लई मराठ्यांकडे आलीं, आणि पोर्तुगीज निघून गेले. ज्यांना जहाजांत जागा होती ते गेले. कष्टकरी ख्रिस्ती कुळें मात्र डोंगराच्या पायथ्याशीं राहिलीं.

मुंबईकडे या बोलीचें काय झालें? तेथें इंग्रजी राज्याबरोबर इंग्रजी नोकऱ्या आल्या. साष्टी, वांद्रें, माहीम येथील ख्रिस्ती लोकांना पूर्वीं सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणत. कचेऱ्यांत गोव्याकडील उमेदवारांशीं गल्लत होऊं नये म्हणून, १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळीं त्यांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. नांव बदललें, शाळा बदलली, आणि घरांतली जुनी बोली इंग्रजी व मराठी यांच्यामध्यें सांपडून विरून गेली. आज तिच्याविषयीं जें सांगतां येतें त्याचा मोठा भाग दालगादोंच्या त्या निबंधावर अवलंबून आहे.

पण येथें या संग्रहांची एक मर्यादा दिसते, आणि ती कोणाच्या आळसामुळें आलेली नाहीं. ग्राझहून आलेल्या पत्राला उत्तर कोण देणार? ज्याला लिहितां येतें तो. ज्याला लिहितां येतें तो शाळेंत शुद्ध पोर्तुगीज किंवा इंग्रजी शिकलेला. घरच्या बोलीबद्दल त्याला थोडी लाजच. आणि जी बाई ती बोली दिवसभर बोलते, तिला टपालाशीं कर्तव्य नाहीं. म्हणून जेथें मिश्रबोलीच्या शेजारीं एखादा शिकलेला पाद्री किंवा अधिकारी होता, तेथील बोली कागदावर आली. अशा जागा म्हणजे बंदरें आणि मोठीं गांवें, आणि नव्या शिक्षणाचा लोंढा पहिल्यानें पोंचला तोहि तेथेंच. ज्या हातांनीं बोली उतरवून घेतली त्याच हातांनीं ती घरांतून बाहेर जात होती, असें म्हटल्यास फारसें चूक होणार नाहीं.

कोर्लईंत असा हात नव्हता. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस समुद्र, पाठीशीं डोंगर. आजूबाजूचीं गांवें हिंदूंचीं व मुसलमानांचीं. धर्म निराळा म्हणून त्यांच्याशीं सोयरीक नाहीं. दूरचे वरच्या दर्जाचे ख्रिस्ती यांना हीन कुळांतले मानीत, म्हणून त्यांच्याशींहि नाहीं. सोयरीक गांवांतल्या गांवांत झाली, आणि भाषाहि गांवांतल्या गांवांतच राहिली. कार्मेल मातेच्या देवळांत पोर्तुगीज जाणणारे पाद्री येत, तेवढाच काय तो जुन्या भाषेशीं धागा. गरिबी आणि एकलेपणा यांनीं जें राखलें तें कोणा विद्वानाला राखतां आलें नसतें. अर्थात् त्या राखण्याची किंमत गांवकऱ्यांनींच भरली.

१९७० नंतरच्या दशकांत लॉरेन्त्सिऊ तेबान या रुमानियन भाषाशास्त्रज्ञानें या बोलीकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. नंतर अमेरिकेंतील जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनीं गांवांत राहून, लोकांचें बोलणें ध्वनिमुद्रित करून १९९६ सालीं तिच्या घडणीवर सबंध ग्रंथ लिहिला. त्यांत मराठी माणसाला गंमत वाटेल असें पुष्कळ आहे. पोर्तुगीज वाक्यांत क्रियापद मध्यें येतें आणि कर्म त्याच्या मागून. कोर्लईकर क्रियापद मराठीप्रमाणें शेवटीं नेऊन ठेवतो. ‘गात आहे’ हें पोर्तुगीज माणूस ‘आहे गात’ अशा क्रमानें म्हणतो; कोर्लईंत तें ‘कातान ते’ असें होतें, ‘कातान’ म्हणजे गात, ‘ते’ म्हणजे आहे. शब्द सगळे लिस्बनचे, रांग आपली.

त्याहून मजेचा प्रकार क्रियापदांचा. पोर्तुगीजमध्यें क्रियापदांचे तीन वर्ग, आणि कोर्लईंत त्यांचे वारस आहेत: ‘काता’ म्हणजे गाणें, ‘बेबे’ म्हणजे पिणें, ‘इर्गी’ म्हणजे उठणें. एक आकारान्त, एक एकारान्त, एक ईकारान्त. परंतु शेजारच्या मराठींतून क्रियापदें येऊं लागलीं तेव्हां त्यांना या तिन्ही खोल्यांत जागा दिली गेली नाहीं. त्यांच्यासाठीं चौथी खोली बांधली, ऊकारान्त. ‘लोटणें’ तेथें ‘लोतू’ झालें. पाहुण्यांना वेगळा ओटा बांधून देणारें हें घर; आणि त्या ओट्यावर आतां मराठी पाहुण्यांची गर्दी आहे.

हें सारें ग्राझच्या पेट्यांत सांपडलें नसतें. वृद्ध माणसापुढें बसून तासन् तास ऐकल्यावांचून अशा गोष्टी हातीं येत नाहींत. या बाबतींत आयर्लंड व इंग्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन बेटाचा दाखला पाहण्यासारखा आहे. तेथील मँक्स भाषेला जुना लिखित आधार होता. अठराव्या शतकांत बायबलाचें भाषांतर झालें होतें, कोश होते, एडमंड गुडविन यांचें पाठ्यपुस्तक १९०१ सालीं निघालें होतें. पण पुस्तकावरून उच्चार कळेना, आणि बोलणारे म्हातारे एकेक करून जाऊं लागले. कांहीं तरुण सुटीच्या दिवशीं सायकली काढून त्यांच्या झोपड्यांवर जाऊन बसत. १९४७ सालीं आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा त्या बेटास भेट देऊन गेले, आणि पुढच्याच वर्षीं आयरिश लोककथा मंडळानें ध्वनिमुद्रणाचें यंत्र पाठवून त्या म्हाताऱ्यांचे आवाज तबकड्यांवर उतरवून घेतले. नेड मॅड्रेल हा त्यांतला शेवटचा १९७४ सालीं वारला. २००९ सालीं युनेस्कोनें मँक्स ‘मृत’ म्हणून नोंदली, तेव्हां मँक्स शाळेंतल्या मुलांनीं मँक्स भाषेंतच पत्रें लिहून विचारलें, कीं आमची भाषा मेली असेल तर हें पत्र आम्हीं कोणत्या भाषेंत लिहिलें? नोंद बदलावी लागली. कागद, आवाज आणि हट्टी माणसें हीं तिन्ही तेथें वेळेवर एकत्र आलीं.

कागदांना वाली मिळणें हाहि योगायोगच असतो. कोर्लईच्या उत्तरेस याच किनाऱ्यावर किहीम गांव आहे. त्या गांवाचें नांव लावणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं आपल्या बेने इस्रायल समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहून पुरा केला. १९०८ सालीं ते वारले तेव्हां तो हस्तलिखितच होता. चाळीस वर्षांनीं, १९३७ सालीं, इमॅन्युएल ओल्स्व्हँगर यांच्या प्रयत्नानें तो तेल अवीव येथें छापला गेला. मधल्या काळांत एखादा पावसाळा किंवा एखादा रद्दीवाला आडवा आला असता, तर या किनाऱ्यावरच्या शनवार तेल्यांच्या कित्येक चालीरीतींचा साक्षीदार गेला असता.

कोर्लईचें एकलेपण आतां संपलें आहे. १९६० नंतरच्या दशकांत देवळांतली उपासना पोर्तुगीज सोडून मराठींत होऊं लागली. १९८६ सालीं रेवदंड्याच्या खाडीवर पूल झाला; ज्या पाण्यामुळें गांव अलग होतें त्यावरून मोटारी जाऊं लागल्या. शाळा मराठी, बाजार मराठी, नोकरी मुंबईची. आईबापांपुढें प्रश्न साधा आहे: मुलाशीं घरांत काय बोलावें? शाळेंत तें मागें पडूं नये म्हणून मराठी बोलावें, असें एखाद्या घरानें ठरविलें तर त्याला दोष कोण देईल? वांद्र्याच्या आणि माहीमच्या घरांनीं इंग्रजीच्या बाबतींत हेंच केलें होतें.

एका गोष्टींत मात्र कोर्लईची स्थिति त्या जुन्या मुंबईकर घरांहून निराळी आहे. तेथें बोलणारी लिहीत नव्हती, आणि लिहिणारा बोलत नव्हता. कोर्लईचीं मुलें आज दोन्ही करतात. बोली घरची आणि अक्षर शाळेंतलें देवनागरी. ग्राझ किंवा लिस्बनच्या पंडितांना या बोलींतले कांहीं आवाज रोमन अक्षरांत बसवितांना दोन-दोन अक्षरें जोडावीं लागतात. घराला कोर्लईंत जो शब्द आहे, त्याच्या शेवटचा आवाज आपल्या ‘जहाज’ मधल्या ‘ज’ चा आहे. मराठी पहिलींतलें पोर तो शब्द पाटीवर ‘काज’ असा लिहील, आणि त्याची आजी तो वाचून दाखवितांच ओळखील.